आमचा कुणावर आरोप नाही

१२ जानेवारी, सोमवार

आम्हाला लिहायला शिकवणाऱ्या वफाबाई म्हणाल्या, वर्ग संपला म्हणून हात थांबवू नकोस, रोज पानभर लिही. काहीही लिही, मी तपासायला येणार नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी अक्षरं गिरवायला लागले म्हणून जावा हसतात. म्हणे, सनीया आता वकील होणार. होईन की! या घरात राहायचं तर वकिलीच हवी.

आज लिहायला हात शिवशिवतोय, कारण तोंडानं बोलायची सोय नाही. सकाळी मी गच्चीवर भाकऱ्यांचं पीठ उन्हात फुगायला ठेवत होते. खालून खलफल्लाभाऊजींची हाक आली. माझे थोरले दीर, मला मुलाच्या नावानं उम्म बहगत, म्हणजे बहगतची आई, म्हणतात. येऊन बसले, चहा घेतला, खोकले आणि म्हणाले, "उम्म बहगत, सुलह होतेय, वैर मिटतंय. सिनूसी कफन घेऊन येणार."

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. सिनूसी जबाली! ज्यानं माझ्या नवऱ्याला, अतीतोला, मारलं तो. दोन्ही हातांवर पांढरं कापड घेऊन येणार, आमच्या लोकांपुढे मान वाकवणार, हे माझं कफन, मारा नाहीतर सोडा म्हणणार, आणि आम्ही म्हणायचं, जा, सोडलं. झालं!

मी म्हटलं, "भाऊजी, वीस वर्षं तुम्ही मला सांगत आलात, पोरगा मोठा होऊ दे. आता पोरगा मोठा झाला तर तुम्ही म्हातारे झालात होय?"

"साखर वाढलीय मला," म्हणाले. "डोळे मिटायच्या आधी हे मिटवू दे."

बिचारे. खरंच खंगलेत. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती गेलीच.

आमचं राश्दींचं आणि कालव्यापलीकडच्या जबालींचं वैर आजेसासऱ्यांपासूनचं. कुणाची तरी म्हैस कुणाच्या तरी बरसीमच्या चाऱ्यात शिरली. म्हैस कुणाची होती यावर आता दोन्हीकडे एकमत नाही, पण माणसं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. आमची पाच गेली, त्यांची चार. आमचा पाचवा अतीतो. अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर दोघे भाऊ कालव्याच्या काठानं घरी येत होते. पलीकडच्या उसातून गोळी आली. भाऊजींनी सिनूसीला पळताना पाहिलं. बहगत तेव्हा तीन वर्षांचा होता.

सरकारी वकील आला, वही उघडली, विचारलं, कुणावर संशय? सगळे राश्दी एका सुरात म्हणाले, आमचा कुणावर आरोप नाही. मीही म्हटलं. अंगठा दिला. नाव सांगितलं की माणूस सरकारचा होतो, तुरुंगात बसून सरकारी डाळ खातो, आणि आमचे हात रिकामे राहतात. ही गोष्ट इथल्या लेकरालाही शिकवावी लागत नाही.

सिनूसी त्याच रात्री लिबियाला पळाला. गुन्हा नव्हता तर पळाला कशाला?

तेव्हापासून आमच्या दारात अझा, म्हणजे सांत्वनाची बैठक, नाही. खुर्च्या मांडल्या नाहीत, कुराण लावलं नाही, कुणाला कडू कॉफी दिली नाही. रक्त फिटल्याशिवाय सांत्वन घेणार नाही म्हणून मी चार माणसांत रडलेसुद्धा नाही. तिसऱ्या वर्षी माझा भाऊ मेहरान यानं सिनूसीचा धाकटा भाऊ फत्ही याला मारलं. पण तो होडी ओढणारा एकोणीस वर्षांचा पोरगा, माझ्या नवऱ्याच्या तोलाचा थोडाच! भाऊजीही म्हणाले, यानं अझा उघडत नाही. मेहरान बंदुकीसकट पोलिसांना सापडला, अजून तुरुंगात आहे. दर तीन महिन्यांनी मी काकवी आणि भाकऱ्या घेऊन जाते. माझा भाऊ वाघ आहे.

हात दुखला. पान नाही, तीन पानं झाली.

१७ जानेवारी, शनिवार

सुलह समितीचे शेख दर्दीर येऊन गेले. चाळीस वर्षं गावचे पहारेकरी होते, आता सगळ्या तालुक्यातली भांडणं मिटवतात. माणूस मिश्कील. आल्या आल्या म्हणाले, "सनीया, लिहायला शिकलीस म्हणे. आता आम्हाला समन्स पाठवशील!"

दोन्ही घरांकडून हकिगत लिहून घ्यायची पद्धत असते. मी सगळं सांगितलं. मग म्हटलं, थांबा, नुसतं ऐकू नका, बघा. पेटीतून अतीतोची जलाबिया, अंगातला लांब झगा, काढली. त्या दिवशीची, करड्या लोकरीची. न धुता ठेवलीय, पोराला दाखवायला. आमच्याकडे ठेवतातच. भाऊजींनी प्रेताला कुणाला हात लावू दिला नव्हता, स्वतः आंघोळ घातली. ही तेवढी मी गोठ्यातून उचलून लपवली होती.

शेखनी चष्मा लावला. जलाबिया उजेडात धरली. पाठीतल्या भोकात बोट घातलं. भोकाच्या कडेनं काळं गोल झालंय, रक्त वाळून होतं तसं. त्यांनी नाक लावून वाससुद्धा घेतला. वीस वर्षांनी कसला वास येणार? मला हसू आलं.

"खलफल्ला कुठल्या बाजूनं चालत होता?"

"मागून. काठ अरुंद आहे ना. दोन माणसं शेजारी शेजारी मावत नाहीत."

"भावाभावांचं बरं होतं?"

म्हटलं, भाऊ म्हटलं की कुरबुरी असायच्याच. त्या आठवड्यात काठालगतच्या पट्टीवरून जुंपली होती. अतीतोच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, ती पट्टी जबालींना विकायची म्हणत होता, ये-जा सुरू होईल, वैर थंडावेल म्हणे. सिनूसीशी लहानपणी पोहायला जायचा, त्याचा हा परिणाम. आणि त्याच सिनूसीनं पांग फेडले बघा!

 शेखनी घडी घालून जलाबिया माझ्या हातात दिली. "बाई, पेटीत ठेव. कुणाला दाखवू नकोस."

"मुलाला दाखवणार की. त्याच्यासाठीच तर ठेवलीय."

"त्याला तर नकोच."

चहा तसाच टाकून गेले. साखर कमी पडली असेल तर तोंडानं सांगावं माणसानं.

१८ जानेवारी

भाऊजी परत आले. म्हणाले, सुलहच्या आधी रक्ताचे कपडे पुरून टाकायचा रिवाज आहे, जलाबिया दे. असा रिवाज मी कधी ऐकला नाही. म्हटलं, बहगतनं एकदा पाहू दे, मग तुमच्या हातानं पुरा. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला वाईट वाटलं. सख्ख्या भावाचं रक्त, अजून बघवत नाही त्यांना.

एक गोणी पीठ ठेवून गेले. वीस वर्षांत एक महिना चुकला नाही या माणसाचा.

२६ जानेवारी, सोमवार

बहगत आला! समुद्रकाठच्या गरदग्याहून सोळा तास बसमधून. तिथं हॉटेलात गोरी माणसं खातात ते केक करतो. चेहरा भरलाय. सगळं घर त्याच्याभोवती. संध्याकाळी भाऊजींनी त्याला मिठी मारली ती सोडेनात. यांच्याच मांडीवर वाढलाय तो.

मी म्हटलं, "कफन स्वीकारायचं नाही हं. तू रक्ताचा वारस. तू नाही म्हटलंस तर समिती काय करणार?"

"आणि मग काय करू, अम्मा?"

"तुझ्या बापाची बंदूक धान्याच्या कोठीत आहे."

तो हसला. "मला अंडी फेटता येतात, अम्मा. माणूस मारून कुठं जाऊ? मेहरानमामाशेजारी?" आणि मग हळूच म्हणाला, तिथल्या एका लाँड्रीवाल्याची मुलगी आहे, सुलह झाली की मागणी घालायची आहे. वैर असलेल्या घरात कुणी मुलगी देत नाही म्हणे.

मला राग आला आणि मुलीचं नावही विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. आधी जलाबिया दाखवीन. बापाचं रक्त पाहिल्यावर कशी लाँड्री आठवते बघते.

२९ जानेवारी

दाखवली.

जे झालं तसं लिहिते, अक्षर लागलं नाही तर न लागो.

मला वाटलं होतं, तो रडेल, नाहीतर दात आवळेल. त्यानं जलाबिया पालथी केली, शेख करत होते तसंच बोट घातलं. सैन्यात दोन वर्षं होता तो.

"अम्मा, गोळी कुठून आली म्हणालीस?"

"पलीकडच्या उसातून."

"कालवा केवढा रुंद आहे?"

"तीस पावलं असेल. तुला माहीत नाही?"

"माहीत आहे." मग म्हणाला, "हे काळं रक्त नाही. हे जळलंय. लांबून आलेली गोळी कापड जाळत नाही. नळी पाठीला टेकवली की असं जळतं."

मला कळेना. म्हणजे सिनूसी अलीकडे आला होता का, असं मी विचारलं. खरंच विचारलं. माझा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं तसं कुणी कुणाकडे बघू नये.

"अम्मा, अब्बांच्या मागे कोण चालत होतं?"

३० जानेवारी

काही नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

पीठ आंबून वाया गेलं. भाकऱ्या टाकल्याच नाहीत.

वीस वर्षं ती पेटी माझ्या उशाशी होती. दर ईदला मी ती जलाबिया काढून बघायची. मुके घ्यायची. डोळ्यांपुढे होतं गं बाई, डोळ्यांपुढे! कुणीच का नाही पाहिलं? कारण कुणाला पाहू दिलं नाही. सरकारी वकिलानं जलाबिया मागितली होती, मी म्हटलं जाळली. डॉक्टर प्रेत मागत होता, आमच्या बायकांनी दार अडवलं. त्यात मी पुढे. आमचा कुणावर आरोप नाही! ज्यानं मारलं तोही आमच्यातच उभा राहून तेच म्हणत होता, आणि त्याचा आवाज सगळ्यात मोठा होता. आठवतंय मला.

बहगत काल शेख दर्दीरकडे गेला होता. आल्यापासून बोलत नाही. जेवायला बसतो, काकाच्या हातचा घास घेतो, काकाच्या तोंडाकडे बघतो. तो राग दाखवत नाही याचीच मला धडकी भरलीय.

आज दुपारी कोठी उघडली. बंदूक होती. काडतुसं परकराच्या ओच्यात घालून कालव्यावर गेले, जणू धुणं धुवायला चालले, आणि पाण्यात सोडली. काडतुसं काय, बाजारात मिळतात. पण काहीतरी करायला हवं होतं.

२ फेब्रुवारी

उसाची तोड चाललीय. भाऊजी शेतात होते, मजुरांना जेवायला सोडलं होतं. मी गेले. उन्हात, उघड्यावर, भरदुपारी. मनात ठरवलं होतं शांतपणे विचारायचं.

"त्या दिवशी ऊस किती लांब होता, भाऊजी?"

"कुठल्या दिवशी?"

 त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला आणि उसाच्या ढिगावर बसले. म्हणाले, "तुझ्या पोराला मी वाढवलं."

मला वाटलं होतं नाकारतील. ओरडतील, शिव्या देतील, वेडी म्हणतील. मी त्याचीच वाट बघत होते, अल्लाहशपथ. त्यांनी फक्त एवढं म्हणावं, खोटं आहे! मी घरी जाऊन पीठ मळायला बसले असते.

"नुसतं घाबरवायचं होतं," म्हणाले. "पट्टी विकणार नाही एवढं वदवून घ्यायचं होतं. तो वळलासुद्धा नाही. हसला. म्हणाला, दादा, नळी गार आहे, काढ ना. असा हसला."

 अतीतो तसाच हसायचा.

मग ते म्हणाले, आणि हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, "मी सिनूसीचं नाव घेतलं ते घाबरून. एका संध्याकाळपुरतं. मला वाटलं सरकार चौकशी करेल, खरं बाहेर येईल, होईल ते होईल. पण तुम्ही कुणी नावच सांगितलं नाहीत. तूसुद्धा अंगठा दिलास."

"आणि फत्ही?" मी किंचाळले. "फत्हीच्या वेळी का नाही तोंड उघडलंत?"

"मेहरानला मी पाठवलं नव्हतं, उम्म बहगत."

खरं आहे. मी पाठवलं होतं. वहीत लिहिलं नव्हतं ते आता लिहिते. मी माहेरी गेले, भावाच्या लग्नाला चाळीस दिवस झाले होते, मी माझा काळा रुमाल डोक्यावरून काढून त्याच्या मांडीवर टाकला. म्हटलं, हा तू बांध, तुझी बंदूक मला दे. तो उठला आणि गेला. सिनूसी सापडत नाही तर त्याचा भाऊ. फत्ही नेहमीसारखा होडी ओढत होता. मेहरानला म्हणाला म्हणे, या, बसा, पलीकडे सोडतो.

माझा भाऊ वाघ आहे, असं मी मागच्या पानावर लिहिलंय. खोडणार होते. राहू दे.

५ फेब्रुवारी

शेख दर्दीरना बोलावून घेतलं. दारातच सुरुवात केली, "तुम्हाला कळलं होतं! त्या दिवशीच कळलं होतं, आणि तुम्ही सुलहचा मंडप ठरवत होतात?"

"ओरडू नकोस, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!"

पण आवाज मीच खाली आणला. शेख खाली बसले, काठी गुडघ्यांवर आडवी. म्हणाले, "सिनूसी लिबियाहून परतून अलेक्झांड्रियाला राहतोय, तिथं जाऊन मी त्याला भेटलो. म्हटलं, तू केलं नाहीस, आता मला माहीत आहे, कफन उचलू नकोस. तो म्हणाला, हे मला वीस वर्षं माहीत आहे, त्याचा काय उपयोग झाला? खरं बाहेर काढलं तर राश्दी आपापसात कापले जातील, दोष परत जबालींवर येईल. मुलींची लग्नं अडलीत, आई थकलीय. उचलतो. एक दिवस मान वाकवली की गावी राहता येईल."

"मारलं नाही तो मान वाकवणार, आणि मारलं तो माफ करणार?"

"तुला तुझा पोरगा हवाय ना?" शेख म्हणाले.

हवाय. दुसरं काही नकोय. शेख गेल्यावर बहगतला समोर बसवलं. म्हटलं, गप्प बसू. तुझ्या काकाला साखर खाईल. तू कफन घे, माफ केलं म्हण, आणि गरदग्याला निघून जा, त्या मुलीला मागणी घाल.

"आणि सिनूसी?"

"तो तयार आहे ना!"

"तू तयार आहेस, अम्मा."

शपथ घे म्हटलं, काकावर हात उचलणार नाही म्हणून. कुराण आणून पुढे ठेवलं. त्यानं हात ठेवला नाही. म्हणाला, "शपथ घेणार नाही." आणि बाहेर गेला.

लाज वाटते का मला? लिहायचं तर खरं लिहावं. सिनूसीबद्दल आज वाटली नाही. उद्या वाटेल कदाचित. आज माझा पोरगा काय करणार एवढंच डोक्यात घण मारतंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजानंतर मंडप भरला. दोन्हीकडची माणसं, पोलीस, अधिकारी, भोंगा, सुलहच्या जेवणाला कापायची दोन वासरं बांधलेली. आम्ही बायका गच्चीवर. मी सकाळी बहगतच्या जलाबियेचे खिसे चाचपले, त्यानं हात वर करून चाचपू दिलं. काही नव्हतं. तरी मला खात्री नव्हती. तिथं हजार माणसं, दर दुसऱ्याच्या कमरेला काहीतरी असतंच.

पुढे बहगत उभा. शेजारी भाऊजी, घराचे थोरले म्हणून. पलीकडून सिनूसी आला.

वीस वर्षं मी या माणसाला मनात किती वेळा मारलं! डोळ्यांपुढे एक दांडगा राक्षस होता. आला तो वाकलेला, अनवाणी, बोडका, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. दोन्ही हातांवर कफन. ढेकळांवरून जपून चालत होता, पायाची सवय गेलेली. माझ्या शेजारची जाऊ म्हणाली, "हाच का तो?" 

बहगतपुढे येऊन त्यानं हात लांब केले. मान खाली. भोंग्यातून शेखचा आवाज आला, "रक्ताच्या वारसा, काय म्हणतोस?"

बहगतनं कफन उचललं. सिनूसीच्या डोक्याचं चुंबन घेतलं. लोकांनी अल्लाहू अकबर म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात माझा मुलगा डावीकडे वळला आणि ते कापड त्यानं काकाच्या हातांवर ठेवलं.

बस. तोंडातून एक अक्षर नाही.

कुणाला काही कळलं नाही. मग कळलं. पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत कळत गेलं, ते मला वरून दिसत होतं. भाऊजी तसेच उभे. कापड खाली टाकलं असतं तर नाकारल्यासारखं झालं असतं, कुणीतरी त्यांची बाजू घेतली असती. टाकलं नाही. धरून उभे राहिले. मी गच्चीच्या कठड्याला घट्ट धरलं. मला वाटलं, आता गोळी. आता.

शेखचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "वारसा, काय म्हणतोस?"

"माफ केलेलं नाही," बहगत म्हणाला. भोंग्यात सगळ्या गावाला ऐकू गेलं. "मारणारही नाही. ते त्यांच्याकडेच राहू दे."

आणि सिनूसीचा हात धरून त्याला मंडपाबाहेर घेऊन गेला, चपला शोधायला.

 जावांनी पाणी मारलं. शुद्धीवर आले तेव्हा खाली वासरं तशीच बांधलेली होती आणि खुर्च्या निम्म्या रिकाम्या. भाऊजी एका खुर्चीवर बसले होते, कापड मांडीवर. त्यांच्या दोन्ही बाजूंना कुणी बसलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी

मारणार नाही असं वारसानं म्हटलं म्हणजे रक्ताचा हिशेब संपला, म्हणून आमच्या दारात अझा उघडला. वीस वर्षांनी. बायका आल्या, काळे कपडे, कडू कॉफी, कुराण. सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आता ही रडेल. मी किती ठरवलं होतं, या दिवशी छाती फोडून रडेन. डोळ्यांत टिपूस आलं नाही. अतीतोचं नाव मनात घेतलं की होडीतला तो पोरगा दिसतो. या, बसा, पलीकडे सोडतो.

मेहरानला काय सांगू? आणखी आठ वर्षं आहेत त्याची. परवा भेटीचा दिवस आहे.

जबालींनी फत्हीचा अझा कधीच केला नव्हता, हे आज कळलं. त्यांच्याकडेही तोच रिवाज.

१५ फेब्रुवारी, रविवार

दारातल्या बायकांना तशीच सोडून मी उठले. चपला घातल्या नाहीत. पूल ओलांडला. लग्न होऊन आल्यापासून मी कालव्यापलीकडे पाऊल टाकलेलं नाही. जबालींची पोरं बघत उभी राहिली, कुणी अडवलं नाही.

फत्हीची आई जलीला दारात सुपात मसूर निवडत बसली होती. सत्तरीची असेल. मी उंबऱ्याबाहेर मातीत बसले.

"कोण?"

"सनीया. अतीतोची बायको."

सुपातला हात थांबला. "मेहरानची बहीण, असं सांग."

"मेहरानची बहीण."

"कशाला आलीस?"

मी काय काय जुळवून आणलं होतं, सगळं गेलं. म्हटलं, "सांगायला आले."

"मग सांग. कुणी पाठवला त्याला?"

"मी."

"काय म्हणालीस? मला कमी ऐकू येतं."

"मी पाठवला."

"जोरात बोल, बाई. म्हातारी आहे मी."

मी ओरडले. "मी पाठवला! मेहरानला मी पाठवला! तुझ्या फत्हीला मी मारलं!" गल्लीतली दारं उघडली. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. सिनूसी आतून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेना, वीस वर्षांचं. म्हातारी खडे निवडत राहिली.

किती वेळ गेला माहीत नाही. कुणी उठ म्हणालं नाही, कुणी आत ये म्हणालं नाही. शेवटी आतल्या खोलीतून सुनेनं अगदी दबक्या आवाजात, मला ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलं, "आत्या, तिच्यासाठी चहा टाकू का?"

"नको," म्हातारी सुपातून मान वर न करता म्हणाली.

तिला चांगलं ऐकू येतं.